नितेशच्या टेंपोचे पाटे

हॅलो?… हॅलो!… कोण?… अगं मोठ्याने बोल ना… सगुणा? अगो तू होय! मग हा नंबर कोणाचा?… प्रीतमचा? लेकाचा फोन घेऊन बसलीस?… बरं, थांब, थांब. आत रेंज जाते, गॅलरीत येते… हां. बोल आता.

काय?… नाही गो, विकला नाही अजून. तुला कोणी सांगितलं?… प्रीतमला नितेशने सांगितलं? बघ मेल्याला! आईला सांगताना तोंडाला कुलूप आणि मावसभावाला गावभर फिरवायला बातमी… हो, हो, खरं आहे. मुलुंडचा एक माणूस उद्या सकाळी येणारेय टेंपो बघायला. शब्द दिलाय नितेशने. पण आज… अगं ऐक ना… आज अजून बाकी आहे. आज कळेल काय ते.

काय कळेल म्हणजे? नितेशची भावू टेंपोत बसते की नाही ते!… हो गो, तेवढ्यावरच आहे सगळं. बसली तर टेंपो राहिला. नाही बसली तर उद्या मुलुंडवाला चावी घेऊन जाईल आणि माझा लेक कोणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागेल. नाशिक लाईनला. घरी आला तर आला, नाहीतर नाही… रडतेयस काय? मी रडत नाही आणि तू काय तिकडे!

अगो नाही, धंदा बरा चाललाय. धंद्याचं काही नाही. पोरीचंच… तुला माहीत नाही? मी सांगितलं नाही?… फोनवर कुठे सांगता येतं सगळं. आणि तू आलीस की दोन दिवस राहतेस, त्यात एक दिवस सिद्धिविनायक.

बरं ऐक. भावूच्या कानांचं तुला ठाऊक आहे… नाही नाही, बहिरी कशाला असेल! उलट गो. जास्त ऐकू येतं तिला. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, पण आपल्या डोक्यात कसं, नको ते आवाज आपोआप मागे पडतात… तसं तिचं होत नाही. सगळं एकदम आत घुसतं. मिक्सर लावला की कान धरते. पण मिक्सर चालतो, कुकर चालतो, सांगून लावलं की सगळं चालतं. शहाणी आहे. कानावर ते आवाज अडवणारे डबे घालते, हेडफोनसारखे, आणि चित्रं काढत बसते. एकच गोष्ट चालत नाही. बापाचा टेंपो.

इंजिन नव्हे गो. इंजिनाला ती मांजर म्हणते, आवडतं तिला. पण त्याच्या मागच्या चाकाकडून एक आवाज यायचा… कसा सांगू… च्चीं… च्चींई… खड्डा आला की किंचाळायचा. आम्हाला काय, आम्ही म्हणायचो, चला, नितेश आला, भात टाका. तिला मात्र सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. दोन वर्षांची होती तेव्हा हौसेने घेऊन गेला तिला पुढे बसवून, पवईपर्यंत. पोर काळीनिळी पडली रडून. तेव्हापासून जी गाडीत बसली नाही ती नाहीच.

हो, तीन वर्षं झाली… आणि गाडीचं सोड, बापाजवळ जायची नाही! भटवाडीचा चढ माहीत आहे ना आमचा? त्याच्या खाली, पार नाक्यावर टेंपो वळला की इकडे ही टेबलाखाली. आम्हाला ऐकू यायच्या आधी. मग नितेश वर आला, हात-पाय धुतले, तरी तास तास बाहेर यायची नाही. त्याच्या अंगालाच तो आवाज चिकटलाय असं वाटायचं तिला. मग हा वेडा टेंपो लांब, हायवेला लावून चालत यायला लागला. तरी तिला कळायचं! कसं कळायचं देव जाणे. परवा मला म्हणाला, आई, माझी पोरगी मला नाही घाबरत, माझ्या गाडीला घाबरते, पण तिला दोन्ही एकच वाटतात, मी काय करू. एवढा मोठा बाप्या, ताटावर बसून रडला गो. माझ्या काळजाचं पाणी झालं.

हो… हो ना… गॅरेजला दाखवला नाही का म्हणतेस? तीन ठिकाणी दाखवला! एक म्हणे ग्रीस मारा, दुसरा म्हणे पाटे बदला, तिसरा म्हणे टेंपो आहे, टेंपो आवाज करणारच… पाटे. अगो पाटे म्हणजे वाटायचा पाटा नव्हे! गाडीखाली चाकाच्या वर लोखंडी पट्ट्या असतात, धनुष्यासारख्या वाकवलेल्या, एकाखाली एक बांधलेल्या. सगळ्यात लांब वर, मग त्याहून धाकटी, मग त्याहून धाकटी… उतरंड उलटी टांगावी तशा. सगळा माल त्यांच्यावर तोललेला असतो. मला तरी कुठे माहीत होतं! एवढी वर्षं त्या टेंपोची पूजा करतेय दसऱ्याला, हार घालतेय पुढे. खाली वाकून कधी बघितलं होतं?

आणि मग तुझ्या भावजींनी जो पराक्रम केला… सांगू नको?… अगं सांगतेच. शिमग्याला तू कोकमाचं भिरंडेल दिलं होतंस ना, माझ्या टाचांना?… हां, तेच, मोठा गोळा. हे मला म्हणतात, टाच कशाने फाटते? कोरडी पडून. पाटा कशाने ओरडतो? कोरडा पडून. झालं! पातेल्यात घेतलं वितळवून आणि टेंपोखाली झोपले. एकेका पाट्याला हाताने चोळलं, बाळंतिणीला चोळावं तसं. वर गाऱ्हाणं घातलं! बा देवा म्हाराजा, ह्या लोखंडाचो आवाज बंद कर म्हाराजा… आणि चाळीतली पोरं बाजूला उभी राहून ओरडतायत, होय म्हाराजा!

हस, हस. मी पण हसले… पण ऐक ना, आवाज बंद झाला! खरंच! दोन दिवस टेंपो मुका. तुझे भावजी चाळीत छाती काढून फिरतायत, कोणी विचारलं की म्हणतात, कोकणातलं औषध आहे. मग तिसऱ्या दिवशी मुंग्या. चाकापासून सीटपर्यंत रांग. आणि मेट्रोच्या कामाची ती धूळ, ती बसली सगळी त्या तेलावर, झाला चिखल, आणि आवाज असा सुटला की पहिला बरा म्हणायची वेळ आली. पहिल्यांदा नुसतं च्चीं होतं, आता च्चीं-खर्र, च्चीं-खर्र. वाट लागली सगळी. त्याच दिवशी नितेश म्हणाला, बस्स, विकतो.

तुझी काय चूक गो त्यात? तू टाचांना दिलं होतंस… नाही म्हटलं ना! आणि ऐक, पुढचं ऐक, पुढे तर खरी गंमत.

नितेश साकीनाक्याला माल उचलायला जातो, एका कारखान्यात. तिथे ट्रकांसाठीच काय काय प्लॅस्टिकचे, रबराचे तुकडे बनवतात. तिथे कल्पिता म्हणून मुलगी आहे, इंजिनिअर. वेसाव्याची, कोळ्यांची. तर हा गेटमधून शिरतोय, आणि ही आतून चहाचा कप घेऊन धावत बाहेर. कोणाची गाडी? कोणाची गाडी? नितेशला वाटलं, आता ही ओरडणार. तर ती टेंपोच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, दादा, जरा मागे घे… आता पुढे घे… आता परत मागे. चहा गार झाला तिचा तिथेच. मग उठून हात हुंगला आणि म्हणते, ह्याला कोकमाचा वास का येतोय?

अय्या, तसंच झालं माझं, पोट धरून हसले! मग नितेशने सगळं सांगितलं तिला. भावूचं पण. ती म्हणाली, रविवारी कारखाना बंद असतो. रविवारी गाडी घेऊन ये. आणि मुलीला पण आण… हो, मी पण हेच म्हटलं, पोरीला कशाला त्या लोखंडात! तर म्हणे, जिच्यासाठी करायचंय तिनेच ऐकायला नको का?

गेलो ना. नितेश आणि हे टेंपोतून, मी, सूनबाई श्वेता आणि भावू मेट्रोतून. कानावर डबे. मेट्रो चालते तिला, मेट्रो गुळगुळीत जाते म्हणते… काय?… दूध? नाही नाही, तुला नाही गो, हे विचारतायत दूध तापवलं का म्हणून. अहो, तापवलंय! सगुणा आहे फोनवर!… हां, भावजी विचारतायत बरी आहेस ना. बरी आहे हो ती!

तर कुठे होते… हां. सगळा कारखाना सामसूम. भावूला काचेच्या खोलीत बसवलं, श्वेताबरोबर, रंग-कागद देऊन. आणि मला, सगुणे, मला ह्या वयात, टेंपोच्या मागे चढवलं! मला, ह्यांना आणि नितेशला. कल्पिता म्हणते, काकी, आता वर उभ्या राहून डोला. वर-खाली, वर-खाली. आता म्हटलं, हीच काय ती मंगळागौर राहिली होती. आम्ही तिघं आपले टेंपोवर नाचतोय, आणि ती पोर खाली झोपली, हातात लांब पेचकस. त्याचं एक टोक लोखंडाला लावायचं आणि मूठ आपल्या कानाला. डॉक्टर छाती तपासतात ना, तसं. एकेक पाटा, एकेक बोल्ट… इथे नाही… इथे नाही… हां, इथे!

मग मला खाली बोलावलं. म्हणाली, काकी, वाकून बघा, भिऊ नका. टॉर्च धरली. नितेश वर डोलतोय आणि मी खाली बघतेय… सगुणे, लोखंड वाकतं गो. खरं सांगते. आपण म्हणतो लोखंडासारखं कडक. ते लोखंड वर-खाली, वर-खाली, श्वास घेत असल्यासारखं. वजन आलं की सगळे पाटे थोडे सपाट होतात, वजन गेलं की परत वाकतात. आणि सपाट होताना टोकाशी एक पाटा दुसऱ्यावर सरकतो. किती? नखाएवढा! एवढासा, करंगळीच्या नखाएवढा. तिथे गंजलेलं, कोरडं, त्यात धुळीचा चिखल. म्हणून आधी चिकटतं, मग एकदम सुटतं, परत चिकटतं, परत सुटतं, आणि तेच ते किंचाळतं.

मी म्हटलं, देवा, एवढंसं? नखाएवढं सरकतं, आणि त्याच्यासाठी माझा लेक आणि माझी नात तीन वर्षं एका घरात राहून लांब?… हो ना… हो ना गो. मी तिथेच त्या तेलकट जमिनीवर बसून राहिले. कल्पिताने विचारलं, काकी, चक्कर आली का? मी म्हटलं, नाही गो बाय, बघू दे मला अजून थोडं.

मग सगळं उघडलं. जॅकवर गाडी चढवली, मोठे बोल्ट सोडले, पाटे एकेक सुटे केले. बाईसाहेब पण हात काळे करून, आणि एक मिस्त्री होता मदतीला, दोघं मिळून. तारेच्या ब्रशने घासले. तुझं भिरंडेल निघता निघेना! मग प्रत्येक पाट्याच्या टोकाला, जिथे तो घासतो तिथे, एक काळी चकती. बिस्किटाएवढी. गुळगुळीत, कडक, हाताला साबणासारखी लागते. तिला खाली एक बोंडूक असतं, बटणासारखं, ते पाट्याच्या भोकात बसतं म्हणजे हलत नाही. झालं. म्हणजे आता लोखंड लोखंडाला लागतच नाही टोकाशी. चकतीवर घसरतं. मी विचारलं, आणि तेल? तर म्हणाली, तेल नाही, काकी, अजिबात नाही. तेलावर धूळ बसते. तुझे भावजी लगेच वर छताकडे बघायला लागले.

परत बांधलं सगळं. परत आम्ही तिघं वर. डोललो… काही नाही! सगुणे, काही नाही! मी जोरात उडी मारली. काही नाही. ह्यांनी उडी मारली, ह्यांचं वजन तुला माहीत आहे. तरी काही नाही. नितेशने खाली उतरून कल्पिताचे पायच धरायला घेतले, ती मागे सरली, म्हणाली, थांब दादा, माझं कोण ऐकतं, तिला विचार.

भावूला आणलं. लांब उभी केली. डबे काढ म्हटलं तर काढले, श्वेताचा हात घट्ट धरून. आम्ही परत डोललो. अगो, सगळे तिच्या तोंडाकडे बघतोय. आणि ती म्हणते… अजून एक आहे.

हो! अजून एक आहे! नितेशचा चेहरा असा उतरला. म्हणाला, नाही पिल्ला, गेला आवाज. तर मान हलवते. एक गेला. दुसरा आहे. छोटा आहे. टिक करतो. आम्ही काय कोणी ऐकलं नव्हतं! मी म्हटलं, भीतीने म्हणतेय पोर, मनात बसलंय तिच्या. मी म्हटलं हां असं. लाज वाटते आता… पण कल्पिता परत खाली झोपली, परत पेचकस कानाला. बराच वेळ. आम्ही डोलून डोलून दमलो. आणि मग खालूनच तिचा आवाज आला… दादा, ती बरोबर आहे.

खराच गो! गळ्याशप्पथ! आम्ही मोठी माणसं, पाच-सहा जण, त्या बंद कारखान्यात, आणि कोणालाच नाही ऐकू आलं. पोरीला आलं. तिला आम्ही म्हणत होतो हट्टी आहे, नाजूक आहे, कसं होणार हिचं. श्वेताने तर तिला उचलून घेतली आणि मुकेच मुके.

काय होतं? सांगते. वरचा जो लांब पाटा ना, त्याचं टोक गोल वळवलेलं असतं, बांगडीसारखं. त्यातून बोल्ट जातो. आणि लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून मध्ये रबराचं कडं असतं. बुश म्हणतात त्याला. तर ते रबर फुगून, मऊ होऊन, बोट लावलं की सायीसारखं निघत होतं. एका बाजूने बोल्ट आत टेकत होता, टिक. तेलाने झालं म्हणे. रबराला तेल-तूप चालत नाही… हो. तेच. भिरंडेल. तुझे भावजी मन लावून चोळत होते ना, रबर आहे की लोखंड ते काय बघितलं!… अगो सगुणे, रडू नको, तू काय टेंपोला दिलं होतंस? ह्यांना पण लागलंय मनाला. त्या रात्री जेवले नाहीत. मी म्हटलं, अहो, तुम्ही तुमच्या नातीसाठी टेंपोखाली झोपलात ह्या वयात, कोण झोपतं? जेवा गुपचूप.

नवं कडं त्यांच्याकडे त्या मापाचं नव्हतं. करून घ्यायला लागलं. आज मिळालं. आज सकाळी नितेश गेलाय साकीनाक्याला, ते दाबून बसवून घ्यायला. दाबायला मशीन लागतं म्हणे. त्याने सांगून ठेवलंय, आई, आज मी टेंपो लांब लावणार नाही. सरळ दारात आणणार. ती टेबलाखाली गेली तर गेली. मग उद्या मुलुंडवाल्याला चावी.

म्हणून गो, सकाळपासून जीव टांगणीला लागलाय. भाजी दोनदा फोडणीला टाकली, एकदा मिठाशिवाय. श्वेता मालाडला कामावर आहे, दर अर्ध्या तासाने फोन, आला का? आला का? मी म्हटलं, आला की तुला आधी ऐकू येईल, तिकडे मालाडपर्यंत… नाही, मस्करी करतेय. भीती वाटतेय मला. आवाज गेला आणि तरी पोर नाही बसली तर? तीन वर्षांची भीती एका चकतीने जाते का गो? कल्पिता पण म्हणाली, पाट्यांचं मी सांगू शकते, तिचं मी नाही सांगू शकत.

भावू? आत आहे ना, टेबलाशी. चित्रं काढतेय. डबे पण नाही घातलेत आज… काय काढतेय? मला काय कळतं, नुसत्या वाकड्या रेघा, एकाखाली एक… थांब हां.

थांब. थांब, थांब, सगुणे…

अगो खाली टेंपो उभा आहे.

आपला! नितेशचा! नळाशी… नाही, मला ऐकूच नाही आला! मी तुझ्याशी बोलतेय म्हणून… नाही गो, मी गॅलरीतच आहे, खाली बघत. कधी आला हा? चढ चढून आला, ते गटाराचं तुटकं झाकण आहे ना वळणावर, तिथे तर ट्रकसुद्धा बोंबलतात… त्याच्यावरून आला असणार, दुसरा रस्ताच नाही!… नितेश बसलाय आत. उतरत नाहीये. स्टिअरिंग धरून बसलाय. वर बघतोय. मी काय सांगू त्याला हाताने, मला माहीत नाही भावू…

भावू? भावू!… टेबलाखाली नाहीये. नाही. अहो, भावू कुठे आहे?… अगं चित्र तिथेच आहे, पेन तिथेच आहे… हां! हां, इथे आहे. माझ्या मागे उभी आहे. गॅलरीत. कठड्याच्या गजातून खाली बघतेय.

काय गो बाळा?… हो, बाबा आलाय… हो, मला पण नाही ऐकू आला… विचारतेय, बाबा चालत आला का? नाही गो राणी, टेंपो घेऊनच आला. तो बघ टेंपो… सगुणे, ती तोंडाचा आ करून बघतेय माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बापाने तिला फसवलं गो, पहिल्यांदा तिला न कळता आला!

ती निघाली… जिन्याने. एकटी… नाही, मी नाही जात. ह्यांना पण थांबवलंय. अहो थांबा! जाऊ दे तिला… चप्पल नाही घातली. चाळीतली सगळी बघतायत, पण कोणी हाक मारत नाहीये, शहाणी झालीत आज मेली.

उतरली. टेंपोपासून लांब उभी आहे… नितेश तसाच. हलत पण नाहीये… आता ती मागच्या चाकाकडे गेली. वाकली. हात लावतेय… पाट्याला, हो, पाट्याला हात लावतेय गो! तळहात. गरम नसेल ना?… आता काहीतरी म्हणाली त्याला. तो उतरला… मागे चढला… सगुणे, तो डोलतोय. एकटाच डोलतोय टेंपोच्या मागे, वर-खाली, आणि ती खाली कान लावून ऐकतेय. पाट्याला कान लावून! जिथून पळत होती तिथे कान लावून… मला दिसेनासं झालंय, थांब, पदराने पुसते.

ऐकतेय. अजून ऐकतेय… तो डोलायचा थांबला. ती मान वर करून बघतेय त्याच्याकडे…

ती पुढे गेली.

दार तिला उघडता येत नाहीये. तो धावत आला, उघडलं… चढली. सगुणे, चढली! चढली गो ती! पुढच्या सीटवर! स्वतःहून! तो बाहेरच उभा आहे, दार धरून, वेड्यासारखा. काय म्हणतेय ती त्याला?… बाबा, चालव. चालव म्हणतेय, मला इथवर ऐकू आलं! आणि ह्याला चावी लावता येत नाहीये. अहो, रडता काय, बघा, बघा…

निघाला. चालला हळूहळू… वळणाकडे चाललाय. ते झाकण आलं, आता झाकण… सगुणे, बोलू नको. एकदम बोलू नको. मी फोन बाहेर धरते. ऐक हां. कान देऊन ऐक.

…

ऐकलंस?… काय काय आलं ऐकू?… कुकर? हो, तो वरच्यांचा… कुत्रा, हां… भंगारवाला, बरोबर… घुरघूर? ते इंजिन, ते चालतं… आणि?… आणखी काय?… काहीच नाही? नक्की काही नाही?…

अगो, गेला गो तो. त्या झाकणावरून गेला. आत्ताच. तिला घेऊन गेला…

काय बोलू… काही बोलू नको तू पण. ठेवते फोन. मला जरा इथेच उभं राहून ऐकू दे.